वाचक विचारतात : चकवा, किरणोत्सव आणि खुनाची तारीख

प्रश्न : आमच्या शिवारात चकवा लागतो म्हणतात. त्यावर रहस्यकादंबरी लिहायला घेतली. पण ज्याला वाचून दाखवावी तो म्हणतो, ही भुताची गोष्ट झाली. कुठं चुकतंय? – एक वाचक, कागल

उत्तर : चकवा खरा की खोटा, या वादात कादंबरी अडकली की ती भुताची होते. रहस्यकथेनं एवढंच विचारायचं : लोक त्या बाजूला फिरकले नाहीत तर फायदा कुणाचा? उत्तर बहुतेकदा सातबाऱ्यावर सापडतं. जमीन देवस्थान इनामाची असेल तर ती शासनाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. मग गुपचूप व्यवहार करणाऱ्याला, रात्री मुरूम उपसणाऱ्याला आणि बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याला चकवा हवाच असतो. तीन संशयित इथंच मिळाले.

आता चकव्याला उसात उभा करा. आडसाली लावण जुलै-ऑगस्टात होते आणि ऊस १६ ते १८ महिने रानात असतो. तो डोक्यावर गेला की लांबची खूण दिसत नाही, पाचटात पायवाट बुजते आणि अंधारात माणूस गोल फिरून पुन्हा त्याच बांधावर येतो. हे पहिल्या दोन-तीन प्रकरणांत बोलता बोलता येऊन जाऊ द्या. शेवटच्या प्रकरणात सांगितलंत तर वाचकाला फसवल्यासारखं वाटेल. प्रेत फडात असेल तर तोडीची तारीख आधी ठरवा. गळीत हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. ऐन मे महिन्यात टोळी फडात उतरवलीत तर शिरोळचा वाचक तिथंच पुस्तक मिटेल. फड पेटवून तोडणं खुन्याच्या सोयीचं, पण मग ‘आमची पाळी नसताना पेटवायची घाई कुणाला झाली?’ असं विचारणारा मुकादमही हवा.

प्रश्न : अंबाबाईचा किरणोत्सव कथानकात घेतला आहे. तारखांबाबत किती काटेकोर राहायचं? – एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : पूर्ण. परंपरेनं हे दिवस ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसेच ९, १० आणि ११ नोव्हेंबर. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात; पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. तुमचा धागा या क्रमातच आहे. ९ तारखेला ‘मी देवळातच होतो, देवीच्या मुखावर किरण पाहिले’ म्हणणारा खोटं बोलतोय, हे कोल्हापूरकर लगेच ओळखेल. बाहेरच्या वाचकासाठी तो क्रम आधी कुणाच्या तरी तोंडून येऊ द्या.

अडचण अशी की ढग, हवेतली धूळ, वाटेतली बांधकामं यांमुळे एखाद्या वर्षी किरण मुखापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून वर्ष घालणार असाल तर त्या वर्षीचे वर्तमानपत्रांचे अंक वाचनालयात चाळा. नाहीतर वर्ष लिहूच नका. पुराचंही तेच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद होता; त्या दिवशी तुमचा इन्स्पेक्टर पुण्याहून जीपनं कसा आला?

रंकाळ्याचा नंदी मात्र धागा म्हणून वापरू नका. तो रोज गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो, ही कथा तपासता येत नाही. रखडलेल्या तपासावर हवालदारानं मारलेला टोमणा म्हणून ती छान बसेल.

प्रश्न : संवादात कोल्हापुरी किती ठेवावी? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : निवेदन प्रमाण, संवाद बोलीत. जागोजागी ‘लई भारी’ पेरून कोल्हापूर उभं राहत नाही, क्रियापदातून राहतं : ‘काय करायलाईस?’, ‘कुठं चाललाईस?’ आणि एक हुकमी पत्ता तर तुमच्या जिभेवरच आहे. इथल्या कितीतरी बायका, पोरी ‘मी येतो’, ‘मी सांगितलो’ असंच बोलतात. मृताच्या मोबाइलवर ‘आठला घाटावर येतो’ एवढाच निरोप असेल, तर नागपूरहून बदलून आलेला अधिकारी पुरुषाच्या मागं लागेल आणि शंभर पानं चुकीच्या दिशेनं जाईल. हा निरोप पहिल्या वीस पानांत दाखवा, बोलणारी बाई त्यानंतर दुसऱ्याच प्रसंगात तसंच बोलताना दाखवा, आणि पुढं त्याबद्दल चकार शब्द काढू नका.

प्रश्न : पोलीस तपासात नेहमी होणाऱ्या चुका कोणत्या? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कलमं. १ जुलै २०२४ पासूनच्या खुनाला जुन्या दंड संहितेचं ३०२ नव्हे, भारतीय न्याय संहितेचं १०३. त्याआधीच्या खुनाला जुनंच. विहिरीत प्रेत सापडलं की लगेच खुनाचा गुन्हा नोंदवत नाहीत. आधी आकस्मिक मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, तेव्हा देवऋषी निव्वळ रंगत आणण्यापुरता राहत नाही. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. अपिलासाठी नायकाला रात्रीच्या गाडीनं मुंबईला धाडू नका.

प्रश्न : गावची दंतकथा वापरली तर हक्काचा प्रश्न येतो का? प्रकाशकाशी काय ठरवावं? – एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : दंतकथा कुणा एकाची नसते, पण कुणी ती लिहून काढली असेल तर ते शब्द त्याचे. लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं. १८८६ चं कोल्हापूर गॅझेटियर निर्धास्त वापरा. करार लेखी हवा. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ऑडिओ आणि वेब-मालिकेचे हक्क वेगळ्या ओळीत लिहून घ्या. ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांवर सही करू नका.

लांबीचं म्हणाल तर ६०,००० शब्दांची सुमारे २४० पानं होतात, म्हणजे छपाईचे १६ पानी १५ फॉर्म (एका कागदावर एकदम छापली जाणारी पानं). मजकूर २४२ पानांवर गेला तर त्या दोन पानांसाठी सोळावा फॉर्म लागतो आणि प्रकाशक कुरकुरतो. ती दोन पानं तुम्हीच काढा. बहुधा ती शेवटच्या खुलाशातच सापडतील.