निटेड कापड ताणले जाते, मग ते कंपोझिटमध्ये कसे चालते?

बनियनचे कापड बोटाने ओढले तरी लांबते, मग पवनचक्कीच्या पात्यासारख्या ताठ कंपोझिट वस्तूत, म्हणजे तंतूंचे कापड आणि घट्ट होणारे रेझिन (चिकट द्रव) मिळून बनलेल्या वस्तूत, निटेड कापड कसे वापरतात, असे आपण विचारले आहे. मागावर उभे-आडवे धागे गुंफणे आणि सुयांवर टाके घालणे (निटिंग) या दोन्हींना मराठीत आपण ‘विणणे’च म्हणतो, त्यामुळे हा घोळ सहज होतो. व्हॅक्यूम इन्फ्युजनने, म्हणजे हवा खेचून कोरड्या कापडात रेझिन भरण्याच्या पद्धतीने, काचतंतूंचे भाग बनवणे हे माझे रोजचे काम असल्याने उत्तर देत आहे.

आपली शंका बरोबर आहे. काचतंतू सरळ असताना ओढ उत्तम सोसतो, पण तो ठिसूळ असल्याने फार वाकवला की तुटतो. स्वेटरसारखे टाके घातले तर सुईवरच काही तंतू तुटतात, आणि उरलेल्यांचा बराच ताठपणा वळणांत वाया जातो. म्हणून असे कापड, घडी न पडता खोलगट साच्यात बसवायचे असेल, तेवढ्यापुरतेच उपयोगी पडते.

पात्यांत जाते ते वेगळे. त्यात काचतंतूंचे पट्टे 0, 90 किंवा अधिक-उणे 45 अंशांत एकावर एक सरळ अंथरलेले असतात आणि बारीक पॉलिएस्टर धाग्याच्या निटेड टाक्यांनी ते एकत्र बांधलेले असतात. म्हणजे भार पेलणारे तंतू विणलेलेच नसतात, विणलेला असतो तो त्यांना धरून ठेवणारा धागा. तुकड्याच्या कडेचा तो धागा उसवून पाहा, पट्टे लगेच सुटे होतील. मागावरच्या कापडात तंतूला वरखाली जावे लागते, इथे तो सरळ राहतो आणि म्हणून अधिक ताठ ठरतो. एअरबस ए380 च्या शेपटीकडील, केबिनमधील हवेचा दाब अडवणाऱ्या भिंतीतही याच रचनेचे कार्बन कापड आहे.

टाक्यांपाशी पट्ट्यांमध्ये ज्या बारीक फटी राहतात, त्या इन्फ्युजनला फार उपकारक असतात. कोरडे कापड साच्यात रचून, वरून पिशवी बंद करून हवा खेचली की बाहेरच्या हवेचा दाब रेझिनला आत ढकलतो आणि ते या फटींतून पुढे सरकते. पांढरे कापड पाहता पाहता पारदर्शक होते, आणि जिथे पांढरा ठिपका उरतो तिथे रेझिन पोहोचलेले नसते.

टाक्याचा प्रकार मात्र जरूर पाहावा. साखळी टाक्याचे कापड टाक्यांच्या दिशेने कडक असते, तर नागमोडी ट्रिको टाक्याचे वळणावर अधिक सहज बसते. आम्ही एकदा खोल कोपऱ्यात साखळी टाक्याचे कापड घातले. ते कोपऱ्याला न टेकता पुलासारखे अधांतरी राहिले, मागची पोकळी नुसत्या रेझिनने भरली आणि तो भाग साच्यातून काढतानाच कोपऱ्यात तडकला. तेव्हापासून नवे कापड आले की आधी त्याचा हातभर तुकडा कोरडाच कोपऱ्यात दाबून पाहतो, आणि तो तळाला टेकला तरच कापड कापायला घेतो.