देवबागच्या खाडीत पहिल्यांदा उतरताना

मालवणजवळच्या देवबागला, कर्ली नदीच्या खाडीत कयाक (वल्ह्याची छोटी, चिंचोळी होडी) घेऊन जायचं तर खोली बुक करण्याआधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते: चतुर्थीला 3, अष्टमीला 6. कयाक त्याआधी दीडेक तास पाण्यात घाला. चढतं पाणी आपसूक वर, कांदळवनाकडे नेतं. ओहोटी लागताच तेच परत आणतं. मात्र पहिल्या तासातच किनाऱ्याला लागा, नंतर ओढ वाढत जाते.

ओहोटीत संगमाच्या तोंडाकडे अजिबात फिरकू नका. नदीचं आणि भरतीचं पाणी तिथून एकदम समुद्राकडे धावतं, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ते आवरत नाही. खाडीतल्या त्सुनामी बेटावर जायचं तर नावाड्याबरोबरच.

लाईफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळून दुसऱ्याला खांद्यांपाशी वर ओढायला सांगा. हनुवटीला लागलं तर मोठं होतंय, बदलून घ्या. अनवाणी उतरू नका; कांदळांच्या मुळांना चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात. मागे पट्टा असलेली सँडल हवी, साधी चप्पल चिखलात रुतून राहते.

पक्षी बघायचे तर सकाळची ओहोटी धरा. चिखल उघडा पडला की बगळे, तुतवार चरायला उतरतात. होडीचं इंजिन लांबच बंद करायला सांगा, त्यांना निवांत खाऊ द्या.