‘स्कॅन चांगला आलाय, मग कामावर का टिकत नाही?’

(ओळख पटू नये म्हणून दोन-तीन सारख्या प्रकरणांतले तपशील एकत्र केले आहेत.)

अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा, छपरं घालणारा एक्केचाळीस वर्षांचा मेक्सिकन कामगार दुसऱ्या मजल्यावरून पडला. डोक्याला मध्यम दुखापत झाली. पाच महिन्यांनी मेंदूचा स्कॅन समाधानकारक आला आणि तो दुसऱ्याच सोमवारी पूर्ण पाळीवर गेला. तिसऱ्या दिवशी मापं चुकली, खिळे मारायच्या यंत्राच्या आवाजात मुकादमाचं बोलणं डोक्यात शिरेना, दुपारी डोकं फुटायची वेळ आली आणि त्याला घरी पाठवलं. बायको विचारत होती, “डॉक्टर म्हणतात बरा झाला. हा दुपारी तीनला झोपतो. आळशी झालाय का?”

आळस नाही. हाड जुळलं की भार पेलतं, मेंदूचं तसं होत नाही. जखम भरल्यावरही लक्ष टिकवणं, दोन गोष्टी एकदम सांभाळणं, गोंगाटातून हवा तोच आवाज वेगळा काढणं या कामांत मेंदूची ताकद लवकर संपते. स्कॅनवर हा थकवा दिसत नाही. तो मेंदूच्या कार्यक्षमतेच्या चाचणीत दिसतो, आणि इथेच स्पॅनिश बोलणाऱ्यांचं जास्त नुकसान होतं.

या रुग्णाची पहिली चाचणी इंग्रजीतून झाली होती, दुभाषी म्हणून त्याची बारा वर्षांची मुलगी! ऐकलेले आकडे क्रमाने परत सांगण्याची साधी चाचणी घ्या. आपल्याकडे दोन, तीन, चार, पाच झटकन म्हणून होतात. इंग्रजीतही बहुतेक आकडे एका उच्चारात आटोपतात. स्पॅनिशमध्ये मात्र कुआत्रो, सिंको, सिएते, ओचो, नुएवे असे लांब. तेवढ्याच वेळात कमी आकडे लक्षात राहतात आणि अहवालात स्मरणशक्ती कमी दिसते. ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द सांगायचे असतील तर इंग्रजीत एफ, ए, एस ही अक्षरं देतात. स्पॅनिशसाठी पी, एम, आर वापरतात. म्हणून स्पॅनिश भाषकांवर प्रमाणित केलेली चाचणी आणि प्रशिक्षित दुभाषी मागून घ्यावा. मुलांना दुभाषी करू नये. आईवडिलांचं दुखणं त्यांच्या तोंडून वदवून घेणं क्रूर आहे, शिवाय ती लाजून अर्धं गाळतात.

दुसऱ्या चाचणीत स्मरण ठीक निघालं. कच्चं होतं ते दोन गोष्टींवर एकदम लक्ष ठेवणं आणि कामाचा वेग. पुढची आखणी त्यावरून झाली.

आधी घर. बायको गोळ्या, फोन, बिलं सगळं स्वतः करत होती. कुटुंबाने असं वेढून धरणं हे मेक्सिकन समाजाचं मोठं बळ आहे, पण त्यामुळे रुग्णाला सराव मिळत नाही. सहा आठवडे किराणा, बसचा प्रवास आणि गोळ्यांचा गजर त्याच्याकडे दिला. चुका झाल्या, त्या वहीत लिहिल्या.

मग काम. शिडी आणि छत बंद, कारण तोल डळमळीत होता आणि फिट येण्याचा धोका टळलेला नव्हता. डॉक्टरांची ‘हलकं काम द्या’ ही चिठ्ठी निरुपयोगी असते. किती तास, किती वजन, शिडी चालेल का, हे स्पष्ट लिहून घ्यावं. त्याला गोदामात साहित्य मोजायचं काम मिळालं : सकाळचे अडीच तास, आठवड्यात तीन दिवस, दर पाऊण तासाला पंधरा मिनिटं शांत जागी विश्रांती. दोन आठवडे काहीही वाढवायचं नाही. नंतर एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, तास तरी किंवा जबाबदारी तरी. मुकादम एका वेळी एकच सूचना देई, तीही व्हॉट्सॲपच्या ध्वनिसंदेशात, म्हणजे पुन्हा ऐकता येते.

पाचव्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून तो सहा तास थांबला. पुढचे तीन दिवस डोकेदुखी दहापैकी आठ. पुन्हा चार तासांवर यावं लागलं. परतीचे बरेच प्रयत्न चांगल्या आठवड्यातल्या अशा उडीने मोडतात. म्हणून डोकेदुखी, झोप आणि चुका यांची रोज एका ओळीची नोंद ठेवायची.

कायद्याचा आधार मर्यादित होता. अपंगत्वामुळे कामात सवलत देण्याचा १९९०चा संघीय कायदा किमान पंधरा कामगार असलेल्या मालकाला लागू होतो. या ठेकेदाराकडे नऊच होते. टेक्सासमध्ये खासगी मालकाला कामगार भरपाई विमा सक्तीचा नाही, म्हणून तो आहे का हे आधी विचारावं. असेल तर अपघात ३० दिवसांत मालकाला कळवायचा आणि दावा वर्षाच्या आत दाखल करायचा. कामाची कायदेशीर परवानगी असेल तर राज्याच्या व्यावसायिक पुनर्वसन विभागाकडे अर्ज करावा. पात्रतेचा निर्णय साधारणपणे ६० दिवसांत द्यावा लागतो, आणि कामावर सोबत राहून शिकवणारा प्रशिक्षकही मिळू शकतो.

गोदामातलं काम सुरू केल्यापासून आठव्या महिन्यात तो आठवड्याला तीस तास तिथे होता. छतावर जायचं नाही ही गोष्ट मात्र घरात अजून दर रविवारी निघते, आणि बायको आता वही उघडून पाचव्या आठवड्याचं पान त्याच्यासमोर ठेवते.