एम.एस्सी. रसायनशास्त्रानंतर मराठवाड्यात राहून हवेच्या प्रदूषणावर पीएच.डी. करता येईल का?

प्रश्न असा आहे: परभणीत राहतो, सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालंय, वातावरणीय रसायनशास्त्रात संशोधन करायचंय. विभागात मोठी उपकरणं नाहीत. स्वस्त सेन्सर चार-सहा ठिकाणी बसवून प्रबंध होईल, की सरळ पुणं गाठू?

होईल, पण निव्वळ सेन्सरांवर नाही. नमुने इथे गोळा करा, पृथक्करण बाहेरच्या प्रयोगशाळेत करून घ्या, आणि ही विभागणी नोंदणीच्या आधीच ठरवा. तिसऱ्या वर्षी कपाटात हवेतले कण पकडलेले शंभर फिल्टर पडलेले आणि ते मोजायला कुणी नाही, अशी वेळ पुष्कळांवर येते.

सेंद्रिय रसायनशास्त्राची पदवी आडवी येत नाही. लॉस एंजेलिसच्या धुरक्यात ओझोन कसा तयार होतो हे १९५० च्या आसपास दाखवून देणारे हागेन-स्मिट मुळात अननसाच्या स्वादातली संयुगं वेगळी काढत होते. अर्क काढणं, क्रोमॅटोग्राफी, कोरा नमुना चालवण्याची सवय, हे तुमच्याकडे आधीच आहे. उणीव आहे ती हवामानशास्त्राची आणि संख्याशास्त्राची. ती वर्षभरात भरून निघते.

आधी विषय. ‘मराठवाड्यातील हवेची गुणवत्ता : एक अभ्यास’ हा विषय नव्हे, ते शीर्षक झालं. विषयाला प्रश्नचिन्ह असायला हवं. उदाहरणार्थ, नोव्हेंबर ते मार्च या काळात परभणीच्या पीएम २.५ मध्ये (अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांमध्ये) पाचट आणि पऱ्हाटी जाळल्याच्या धुराचा वाटा किती, आणि बाहेरून आलेल्या सल्फेटचा किती? सल्फेट कोळशाच्या धुरातून बनतं, म्हणून इथे लगेच परळीच्या औष्णिक केंद्राकडे बोट दाखवायचा मोह होतो. पण परळी परभणीच्या दक्षिण-नैऋत्येला आहे आणि हिवाळ्यात वारा बहुधा ईशान्य-पूर्वेकडून येतो, म्हणजे परळीचा धूर तेव्हा तुमच्याकडे येण्याची शक्यता कमीच. हिवाळ्यातलं सल्फेट चंद्रपूर-रामगुंडमच्या औष्णिक केंद्रांच्या बाजूनं येत असेल का, हे हायस्प्लिटवर मागे जाणारे वाऱ्याचे मार्ग काढून तपासता येतं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. वाऱ्याची दिशा न पाहता स्रोताचं नाव घेणारा प्रबंध पहिल्याच परीक्षकापुढे अडकतो.

आता फिल्टरकडे येऊ, कारण सगळं काम त्यावर उभं राहतं. पीएम २.५ चा सॅम्पलर मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो, २४ तासांत सुमारे २४ घनमीटर. हवेत ५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर असेल तर फिल्टरवर येतात जेमतेम १.२ मिलिग्रॅम. पावसाळ्यात याच्या निम्म्याहूनही कमी. कॉलेजचा चार दशांश स्थळांचा तराजू ०.१ मिलिग्रॅमवर थांबतो. दोन वजनांच्या फरकात तेवढ्यानंच सगळी मेहनत जाते. १ मायक्रोग्रॅम वाचणारा मायक्रोबॅलन्स लागतोच. वजनाआधी आणि नंतर फिल्टर किमान २४ तास २० ते २३ अंश आणि ३० ते ४० टक्के आर्द्रतेत ठेवायचे, आणि टेफ्लॉनच्या फिल्टरवरचा स्थिर विद्युतभार आयोनायझरने काढायचा. भार राहिला तर आकडा डोळ्यांदेखत सरकत राहतो.

शक्यतो दोन सॅम्पलर शेजारी-शेजारी लावा. ४७ मिलिमीटरचा टेफ्लॉन वजन, धातू आणि आयनांसाठी. क्वार्ट्झचा फिल्टर सेंद्रिय कार्बन आणि मूलकार्बन (काजळीतला कार्बन) यांच्यासाठी. टेफ्लॉनवर कार्बन मोजता येत नाही, कारण त्या फिल्टरमध्येच कार्बन असतो. क्वार्ट्झ आणि त्याभोवतीची ॲल्युमिनियमची फॉइल, दोन्ही मफल फर्नेसमध्ये ५५० अंशांवर किमान पाच तास भाजून घ्या, नमुना झाल्यावर उणे २० अंशांत ठेवा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही. प्लॅस्टिकमधली थॅलेट संयुगं नमुन्यात उतरतात आणि ती कुठून आली हे शोधण्यात महिना जातो. क्वार्ट्झ हवेतली सेंद्रिय वाफही शोषतो, त्यामुळे सेंद्रिय कार्बन खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. मागे दुसरा क्वार्ट्झ लावला तर ही वाढ किती ते कळतं. दर दहा नमुन्यांमागे एक कोरा फिल्टर जागेवर नेऊन, पंप न चालवता परत आणा. कोऱ्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट ही तुमची शोधमर्यादा.

टेफ्लॉन एकच असला तर क्रम पाळा: आधी धातूंसाठी एक्स-रे फ्लुओरेसन्स, त्यात फिल्टर शाबूत राहतो; मग आयनांसाठी पाण्यात अर्क काढून आयन क्रोमॅटोग्राफी. उलट केलं तर धातू गेले.

मराठवाड्यात हमखास बिघडणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. वीज जाते, म्हणून ‘२४ तास’ गृहीत धरू नका, मीटरवरचं एकूण आकारमान लिहा आणि १८ तासांपेक्षा कमी चाललेला नमुना बाद करा. एप्रिल-मेच्या धुळीत सॅम्पलरमधला जाडे कण अडवणारा इम्पॅक्टर लवकर भरतो; दर चार-पाच नमुन्यांनंतर साफ करा, नाहीतर जाडे कण उसळून आत येतात. ४२ अंशांच्या दुपारी अमोनियम नायट्रेट फिल्टरवरून अमोनिया आणि नायट्रिक आम्ल होऊन उडून जातं, तेव्हा मे महिन्यातला नायट्रेटचा आकडा ‘किमान इतका’ असाच वाचायचा. आणि जागा निवडताना गच्चीखाली रखवालदाराची शेकोटी पेटते का ते संध्याकाळी जाऊन बघा. मेसच्या चुलीजवळच्या गच्चीवर ‘प्रादेशिक धूर’ मोजून झालेले अभ्यास कमी नाहीत.

सगळ्यात मोठा खड्डा मात्र पोटॅशियमचा आहे. लाकूडफाटा, पाचट जळालं की पोटॅशियम येतं, म्हणून ते धुराची खूण धरतात. मातीतलंही पोटॅशियम असतं, म्हणून एकूण पोटॅशियममधून लोहाच्या ०.६ पट वजा करण्याची पद्धत परदेशी शोधनिबंधांतून जशीच्या तशी उचलली जाते. आपली काळी माती दख्खनच्या बेसॉल्टची: लोह आणि टायटॅनियम भरपूर, पोटॅशियम कमी. बेसॉल्टमध्ये हे गुणोत्तर ०.६ च्या आसपासही जात नाही, कितीतरी पटींनी खाली असतं. तो गुणक लावलात तर धुराचं पोटॅशियम शून्याखाली जाईल आणि परभणीत काहीच जळत नाही असा निष्कर्ष निघेल. उपाय सोपा आहे. शेतातली, रस्त्याकडेची आणि खडी क्रशरजवळची माती आणा, चाळा, धूळ उडवून त्याच पीएम २.५ सॅम्पलरवर पकडा आणि स्वतःचं गुणोत्तर काढा. एवढ्यावर एक स्वतंत्र शोधनिबंध होतो, आणि पुढे या भागात काम करणारा प्रत्येक जण तो वापरेल. दिवाळीचे दिवस या हिशोबातून वगळा, फटाक्यांत पोटॅशियम नायट्रेट असतं. लेव्होग्लुकोसन हे धुरातलं संयुग मोजता आलं तर उत्तमच, ते सेल्युलोज जळल्याशिवाय येत नाही. पण साखर कारखान्याचं बॉयलर बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) चालतं, तेही सेल्युलोजच. शेतातला धूर आणि चिमणीतला धूर वेगळा करायला गाळप सुरू-बंद झाल्याच्या तारखा हाताशी ठेवा.

नमुने किती? आठवड्यातून दोन, वर्षभर, म्हणजे १०४. राष्ट्रीय मानकातही वर्षाच्या सरासरीसाठी किमान १०४ मोजमापंच सांगितली आहेत, आणि स्रोतांचे वाटे काढणाऱ्या पीएमएफ पद्धतीलाही साधारण शंभर नमुने हवेतच. तीस नमुन्यांवर पीएमएफ चालवलं तरी ते उत्तर देतं. ते उत्तर दुसऱ्या दिवशी बदलतं, एवढंच.

सेन्सरांचं काय? पीएमएस ५००३ सारखा लेझर सेन्सर घ्यायला हरकत नाही, पण तो कण तोलत नाही, विखुरलेला प्रकाश मोजतो. आर्द्रता ७५-८० टक्क्यांवर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा चढतो. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पहाटेचे आकडे म्हणून संशयास्पद. उलट उन्हाळ्यातली जाडी धूळ त्याला जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे त्याचा पीएम १० चा (दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचा) आकडा वापरूच नका. प्रत्येक ऋतूत किमान दोन-तीन आठवडे फिल्टर सॅम्पलरशेजारी ठेवून वेगळी दुरुस्ती काढा. घड्याळासाठी डीएस ३२३१ मॉड्यूल आणि एसडी कार्ड लावा, नाहीतर वीज आल्यावर वेळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. धूर कोणत्या तासाला चढतो हे सेन्सर सांगेल. तो कशाचा आहे हे सांगणार नाही.

मार्गदर्शक आणि प्रवेश याबद्दल थोडंच. सीएसआयआर-नेट परीक्षा रसायनशास्त्रातून द्या किंवा पृथ्वी-वातावरण विज्ञानातून. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर नमुन्यांच्या खर्चाची अर्धी चिंता मिटते. गेट परीक्षेचाही उपयोग होतो. नोंदणी नांदेडच्या किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठात आणि सहमार्गदर्शक पुण्याच्या आयआयटीएम, नागपूरच्या नीरी किंवा अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन संस्थांपैकी एकीतला, ही मांडणी मला तुमच्यासाठी सर्वांत योग्य वाटते. नमुने कोणाचे, पृथक्करणाचा खर्च कोणाचा, पहिलं नाव कोणाचं, हे लेखी घ्या. नोकऱ्या मोजक्या आहेत: संशोधन संस्था, प्रदूषण नियंत्रण मंडळं, प्राध्यापकी, खाजगी पर्यावरण प्रयोगशाळा. फिल्टर आणि डेटा दोन्ही हाताळणारा माणूस मात्र सगळीकडे हवा असतो.

सध्या काहीच विकत घेऊ नका. पहिले तीन महिने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून जालना, लातूर आणि संभाजीनगरचा डेटा उतरवा. ही तिन्ही शहरं २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात घेतली होती. आर या संगणकभाषेतल्या ओपनएअर पॅकेजमध्ये वाऱ्याची दिशा आणि वेगानुसार आलेख काढा. सलग तासन्‌तास एकच आकडा, ऋण आकडे, पीएम १० पेक्षा मोठा पीएम २.५ असं काही दिसलं तर खूण करून बाजूला काढा. परभणीचं तापमान, वारा आणि आर्द्रता वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कृषी हवामान विभागाकडे रीतसर अर्ज करून मागा. मग संभाव्य मार्गदर्शकाला मेल करा: पहिल्या ओळीत प्रश्न, खाली एक आलेख, बाद केलेल्या आकड्यांची टक्केवारी आणि कारण, आणि तुम्हाला नेमकं कोणतं पृथक्करण, किती नमुन्यांवर करून हवं आहे. बायोडेटा शेवटी जोडा.