शाईतला ‘फिलर’: भराव, भेसळ की भरणद्रव्य?

प्रश्न असा: ऑफसेट शाईच्या माहितीपत्रकात ‘मिनरल फिलर’ आणि ‘एक्स्टेंडर’ हे शब्द आलेत. त्यांना ‘भराव’ किंवा ‘भेसळ’ म्हणावं का, आणि दोन्हींना एकच शब्द चालेल का?

‘भेसळ’ नकोच. भेसळीत लपवाछपवी असते. इथे चुनखडीची भुकटी, चिनी माती, संगजिरे किंवा बॅराइट मोजून घातलेलं असतं. त्यानं शाई स्वस्त होते हे खरं, पण तिला अंगही येतं, आणि ती रोलरवर कशी वाहते हेही त्यावर ठरतं. ‘भराव’ खड्ड्यात टाकतात. शाईत खड्डा कुठला? ‘रंगद्रव्या’च्या जोडीला ‘भरणद्रव्य’ नीट बसतं. छापखान्यात बोलताना ‘फिलर’च म्हणा.

मात्र भुकटी पांढरी दिसते म्हणून ‘पांढरं रंगद्रव्य’ लिहू नका. खिडकीच्या काचेला भरतात ती लांबी आठवा: खडूची पांढरी भुकटी जवसाच्या तेलात मळली की गोळा मळकट, पिवळसर होतो. तेलाचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचं माप) सुमारे १.४८ आणि खडूचा सुमारे १.६. फरक इतका थोडा, की प्रकाश फारसा विखुरत नाही आणि पांढरेपणा तेलात हरवतो. टायटॅनियम डायऑक्साइडचा २.७ च्या आसपास, म्हणून ते तेलातही पांढरं राहतं. निळ्या शाईत ते घातलं तर निळा दुधी होतो. खडूनं नुसता फिका होतो.

‘फिका’च म्हणायचं, ‘पातळ’ नाही. भरणद्रव्यानं रंग विरळ होतो, शाई उलट घट्ट होते. भाषांतरात ही गल्लत फार दिसते.

‘एक्स्टेंडर’चे अर्थ दोन. घटकांच्या यादीत असेल तर बहुधा हीच भुकटी, तेव्हा भरणद्रव्य. पण ‘शाईत एक्स्टेंडर मिसळा’ असं असेल तर ती छटा हलकी करायची तयार, बिनरंगी पेस्ट असते. तिला ‘बिनरंगी माध्यम’ म्हणावं. ‘विस्तारक’ या शब्दानं यातलं काहीच कळत नाही.

पत्रकातल्या छपाईच्या दोषांच्या भागात क्रियापदं जपून वापरा. ऑफसेटमध्ये कागदावर शाईचा थर जेमतेम १ ते २ मायक्रॉन. भरड कण त्यात मावत नाहीत. ते ब्लँकेटवर (प्लेटवरची शाई कागदापर्यंत नेणाऱ्या रबरी आवरणावर) ‘साचतात’ आणि प्लेट ‘झिजवतात’. भरणद्रव्य जास्त झालं तर कण धरून ठेवायला व्हार्निश (शाईतला तेल-राळेचा चिकट भाग) पुरत नाही; चकाकी जाते आणि वाळलेल्या छपाईवरून बोट फिरवलं की भुकटी ‘सुटते’. कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू किंवा चुनखडी, आम्लात ‘विरघळतं’: फाउंटन सोल्युशनचा (प्लेट ओली ठेवणाऱ्या आम्लधर्मी पाण्याचा) पीएच साधारण ४.५ ते ५.५ असतो, तिथे ही क्रिया होऊन पीएच वर सरकतो, कॅल्शियमचे क्षार रोलरवर बसतात आणि रोलर शाई ‘घेत नाही’.

तुमच्या पत्रकातली ओळ अशी करता येईल: ‘भरणद्रव्य: अवक्षेपित कॅल्शियम कार्बोनेट’. ‘अवक्षेपित’ (द्रावणातून रासायनिक क्रियेनं साका बसवून मिळवलेलं) गाळू नका; दगड दळून केलेलं कार्बोनेट हा वेगळा माल आहे.