तांबे निरपेक्ष शून्यापर्यंत (सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअस, म्हणजे सर्वांत कमी शक्य तापमानापर्यंत) थंड केले तर त्यातले इलेक्ट्रॉन थांबतात का?

नाही, थांबत नाहीत. त्यातले सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉन तेव्हाही सेकंदाला साधारण १,६०० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे अर्धा टक्का वेगाने धावत असतात. हा वेग उष्णतेतून येत नाही, तो पाउलीच्या अपवर्जन तत्त्वातून येतो. हे तत्त्व सांगते की स्पिन (इलेक्ट्रॉनचा एक अंगभूत गुणधर्म) धरून एका क्वांटम अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन मावतो, त्यामुळे खालच्या पातळ्या भरल्या की उरलेल्यांना वर चढावेच लागते. तांब्यात दर अणूमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन धरला तर ही भरती सुमारे ७ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत (हे ऊर्जेचे एक छोटे एकक) पोचते. तिलाच फर्मी ऊर्जा म्हणतात, आणि तापमानाच्या भाषेत ती ८०,००० केल्विनहून जास्त भरते! त्यापुढे खोलीचे ३०० केल्विन अगदीच किरकोळ. म्हणून तापवल्यावर फक्त फर्मी ऊर्जेच्या आसपासचे थोडे इलेक्ट्रॉन ऊर्जा घेऊ शकतात, बाकीच्यांना वर रिकामी जागाच नसते. धातूंच्या विशिष्ट उष्णतेत (तापमान एका अंशाने वाढवायला लागणाऱ्या उष्णतेत) इलेक्ट्रॉनांचा वाटा अभिजात, म्हणजे क्वांटमपूर्व, हिशेबाच्या जेमतेम एक टक्का का निघतो, हे जुने कोडे भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी १९२७-२८ च्या सुमारास असेच सोडवले. मला हा पाउलीच्या तत्त्वाचा फार सुंदर पुरावा वाटतो, कारण तो साध्या उष्णतामापनातून मिळतो.

मात्र या धावण्याला विद्युतप्रवाह समजू नका. जितके इलेक्ट्रॉन एका दिशेला जातात तितकेच उलट दिशेला जातात, त्यामुळे निव्वळ प्रवाह शून्य राहतो. शिवाय ही सर्वांत कमी ऊर्जेचीच स्थिती असल्याने तिच्यातून ऊर्जा काढून घेता येत नाही.