नवऱ्याला भाजी नको असेल तर

अगं, तो भाजी खात नाही म्हणून रोज दुधी लपवून थालीपीठं लावत बसू नकोस, चाळिशीच्या माणसाला कळतं सगळं. आधी विचार त्याला, नेमकं काय नको वाटतं, चव की गिळगिळीतपणा? भेंडीचं म्हणशील तर धुऊन अगदी कोरडी पुसायची, मगच चिरायची, मोठ्या आचेवर झाकण न ठेवता परतायची, दोन आमसुलं टाकायची आणि मीठ शेवटी, मग तार सुटत नाही. कोबी-फ्लॉवर कुकरमधे शिट्ट्या काढून शिजवलेस तर तो गंधकाचा वास घरभर, त्यापेक्षा लोखंडी कढईत परत, कडेने जरा लाल झाले की गोडसर लागतात. पालकाला नाक मुरडत असेल तर डाळ-दाणे घालून ताकातली पातळ भाजी कर, वरून लसणाची चरचरीत फोडणी, हिला सहसा कोणी नाही म्हणत नाही. डब्ल्यूएचओ दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणतं पण त्यात बटाटा धरत नाहीत हां (हे ऐकून आमच्याकडे सुतक होतं!). कोशिंबीर, टोमॅटोचं सार मात्र धर की हिशोबात. पावभाजीत बटाटा कमी, फ्लॉवर-मटार जास्त, बटर बेताने. कारलं सध्या विसर.